शेजारचा लूम सुरू झाला की रेडिओत कडकड... काय करावं?

पूर्वभागवाला | सोमवार, सकाळी ७.५२

राम राम मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. भिंतीला भिंत लागून शेजारी चार लूमचा (यंत्रमागांचा) टॉवेलचा कारखाना आहे. आप्पा (वडील) स्वतः २८ वर्षं लूमवर होते, आता घरीच असतात. त्यांचा दिवस आकाशवाणीवर सुरू होतो. मीडियम वेव्हचा जुना सेट आहे, मोबाईलवर लावून देतो म्हटलं तर "त्यात मजा नाय" म्हणतात. तर साडेसातला शेजारी लूम सुरू झाला रे झाला की रेडिओत कडकड सुरू. लूम थांबला की तीपण थांबते. माझं डोकं उठतं, पण आप्पांना विचारलं तर म्हणतात, "कुठली कडकड?" आता ते मुद्दाम म्हणतात की काय, कळेना.

दुसरी गोष्ट, माझी लेक पाच महिन्यांची आहे. नुसता लूम चालू असला तर झोपते बिचारी, सवय झालीय. पण धोटा (धागा इकडून तिकडे नेणारी शटल) अडकून लूम धाडकन थांबला की दचकून हातपाय ताणते आणि रडते. मोबाईलच्या ॲपवर मोजलं तर आतल्या खोलीत ७२ दाखवतं. ७२ काय फार नाही असं मित्र म्हणतो. मग दचकते का? आणि कानाला काही होतं का?

शेजाऱ्यांशी भांडायचं नाही, आधीच सांगतो. आमचंच घर त्याच धंद्यावर उभं राहिलंय.

खवचट_सोलापुरी | ८.१०

रेडिओ कारखान्यात नेऊन ठेव की बे. तिथं कडकड ऐकूच येणार नाही.

शेंगाचटणी | ८.१४

^^ 😂😂 सोमवार सकाळ सार्थकी लागली.

जुळेसोलापूरकर | ८.३१

मोटरीचा प्रॉब्लेम असणार. त्यांना मोटरला कपॅसिटर लावायला सांगा. आमच्याकडं मिक्सर लावला की टीव्हीवर रेघा यायच्या, तसंच.

बाकी जुन्या लोकांना आठवत असेल, दूरदर्शनच्या काळात रस्त्यावरनं लुना गेली की पडद्यावर ठिपक्यांची ओळ धावायची. आम्ही पोरं न बघता सांगायचो, "सर आले, लुना आली". रविवारचा पिक्चर ऐन रंगात आणि बाहेर कुणीतरी लुनाला पेडल मारतंय. शिव्या खाल्ल्यात त्या लुनांनी.

रेडिओवाले_बापू | ९.०५

पूर्वभागवाले, तुमच्या प्रश्नात हसण्यासारखं काही नाही. मी साताठ वर्षांपूर्वीपर्यंत रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करत होतो, नवी पेठेजवळ दुकान होतं. दर आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक हीच तक्रार घेऊन यायचं आणि निम्म्या वेळा सेटमध्ये काहीच दोष नसायचा.

याला इंपल्स नॉइज म्हणतात. साधा खरखराट असतो तो सतत असतो, सेट स्टेशनच्या मधे ठेवला की येतो तो. इंपल्स म्हणजे ठिणगी. ठिणगी उडते ती सेकंदाच्या हजाराव्या किंवा लाखाव्या भागापुरती, पण तेवढ्या क्षणात तिचा जोर प्रचंड असतो आणि ती एकाच फ्रिक्वेन्सीवर नसते, सगळीकडे पसरते. म्हणून स्टेशन बदललं तरी कडकड जात नाही. वीज चमकली की मीडियम वेव्हवर 'खर्रर' येतं तेही हेच, फक्त ती ठिणगी काही मैलांवरची असते. मीडियम वेव्हमध्ये आवाज हा लाटेच्या उंचीवर लिहिलेला असतो, आणि ठिणगी बरोबर त्या उंचीवरच घाव घालते. एफएममध्ये उंची छाटूनच पुढे पाठवतात, म्हणून तिथं कडकड कमी.

गंमत बघा, रेडिओचा जन्मच ठिणगीतून झालाय. १८८० च्या दशकाच्या शेवटी हर्ट्झने लाटा दाखवल्या त्या ठिणगी पाडूनच, आणि मार्कोनीचे सुरुवातीचे सगळे संदेश म्हणजे ठिणग्याच. तेव्हाचा सिग्नल तो आजचा कचरा.

आता कामाचं. मला दोन गोष्टी सांगा. एक, कडकड सलग 'घर्रर्र' अशी आहे की ठोक्याठोक्याला सुटी 'कट्-कट्' अशी? दोन, मोटर नुसती चालू करून लूम न चालवता कधी ऐकलंय का? तोवर कपॅसिटर-बिपॅसिटर घेऊ नका. जुळेसोलापूरकर, मिक्सरच्या मोटरला कार्बन ब्रश असतात, ते ठिणग्या पाडतात. लूमच्या मोटरला ब्रशच नसतात.

जुळेसोलापूरकर | ९.२०

बापू, चूक मान्य. कपॅसिटर परत घेतो.

खवचट_सोलापुरी | ९.२२

काका तुमच्याकडं आमचा बुश सेट होता, २००९ पासून. मिळाला तर कळवा.

कानवाली | ११.४०

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कानाची तपासणी करते, कानाचं ऑपरेशन नाही करत (हे रोज सांगावं लागतं). सोलापुरात माझ्याकडे येणाऱ्यांत लूमवरची माणसं भरपूर.

आधी त्या ७२ बद्दल. मोबाईलचं ॲप सरासरी दाखवतं, आणि मोबाईलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठा ठोका आला की तो वरचं टोक कापूनच टाकतो. धोटा अडकून लूम 'धाड' करून थांबतो तो सगळा प्रकार डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. सरासरीला तो दिसतच नाही. हिशोब करून बघा, ८ तासांत २८,८०० सेकंद असतात. समजा त्यातला एकच सेकंद १२० डेसिबलचा आणि बाकी सगळा वेळ चिडीचूप, तर ८ तासांची सरासरी येते साधारण ७५. कागदावर ७५ बघून कुणीही म्हणेल, काय शांत जागा आहे. त्या एका सेकंदाला जो तिथं उभा होता त्याला विचारा.

म्हणून मोठ्या ठोक्यांसाठी सरासरी नाही, शिखर मोजतात. आपल्याकडच्या कारखान्यांच्या आदर्श नियमांतही दोन वेगळे तक्ते आहेत. सततच्या आवाजाला ९० डेसिबल असेल तर ८ तास, ९५ ला ४ तास, १०० ला २ तास. ठोक्यांसाठी मोजणी: १४० डेसिबलच्या शिखराचे दिवसाला १०० ठोके, १३० चे १,०००, १२० चे १०,०००. १४० च्या वर एकही नको.

तुमच्या लेकीबद्दल: भिंतीपलीकडून आत येईपर्यंत तो आवाज बराच उतरलेला असतो, त्याने कान जाणार नाही. दचकणं वेगळं. ती शरीराची जुनी सवय आहे, अचानकपणाला शरीर दचकतं, डेसिबलला नाही. शांत खोलीत स्टीलचा चमचा पडला तरी बाळ दचकतं. पाळणा सामाईक भिंतीपासून दूर करा, फरशीतून येणारा धक्काही कमी होईल. आणि शक्य झालं तर आप्पांना एकदा घेऊन या, कुठेही तपासा, माझ्याकडेच असं नाही. "कुठली कडकड" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

टॉवेलवाला | दुपारी १२.१५

माझा स्वतःचा कारखाना आहे, एमआयडीसीत, त्यामुळं बोलणं भाग आहे. मॅडमनी ठोक्याचा तक्ता दिला तो लूमला कसा लावायचा? लूम मिनिटाला १२० च्या आसपास ठोके मारतो. ८ तासांत झाले ५७ हजार. त्या तक्त्याने तर सोलापुरात एकही लूम चालू शकत नाही. मग काय सगळे बंद करायचे? आधीच सुताचा भाव, विजेचा भाव. २००५ साली चादरीला आणि टॉवेलला जीआय टॅग मिळाला तेव्हा टाळ्या वाजवायला सगळे होते, आता माल घ्यायला कोण नाही.

आणि कान झाकायचे बोळे आम्ही दिलेत. बॉक्सच्या बॉक्स. कामगार घालत नाही. माझा म्हातारा विणकर म्हणतो, "शेठ, बोळे घातले तर लूम काय बोलतोय ते कसं कळणार?" खरंय ते. धागा तुटायच्या आधी, धोटा वाकडा जायच्या आधी आवाज बदलतो. चांगला विणकर पाठ करून उभा असला तरी चार लूमपैकी कुठला बिघडतोय ते कानानं सांगतो.

कानवाली | १२.५०

टॉवेलवाले, तुमचा प्रश्न बरोबर आहे. सेकंदाला एक किंवा त्याहून जास्त ठोके असले की अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार सुरक्षा खात्याच्या) नियमात तो आवाज सततचाच धरतात, तेव्हा लूमला पहिला तक्ता. पण त्याने सुटका होत नाही. शटलच्या लूमचा आवाज शेडमध्ये ९५ च्या आगेमागे सहज जातो, म्हणजे ४ तास. कामगार उभा असतो ८ तास, कधी १२.

आणि ठोकेवाला सततचा आवाज हा गुळगुळीत सततच्या आवाजापेक्षा कानाला जास्त जाचतो. मधल्या कानात एक चिमुकला स्नायू असतो, मोठा आवाज आला की तो आवळतो आणि थोडं रक्षण करतो. पण त्याला पूर्ण आवळायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. फटाका, ठोका तोवर आत जाऊन आलेला असतो. दार लावायच्या आधीच चोर घरात.

विणकर बोळे का घालत नाही हे मला पटतं, मी भांडत नाही. सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच उतरवणारे प्लग मिळतात, त्यात लूमचं बोलणं ऐकू येतं, फक्त लांबून आल्यासारखं. साध्या फोमच्या बोळ्याने वरचे आवाज जास्त जातात म्हणून त्यांना 'बहिरं' वाटतं. एक जोडी त्या म्हाताऱ्या विणकराला द्या आणि तो काय म्हणतो ते इथं लिहा.

टॉवेलवाला | १२.५८

देतो. किंमत बघून सांगतो 🙏

अशोकचौकी | १.३०

आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात. बाहेरचे म्हणतात भांडणं चाललीत. आजोबा, चुलते, सगळे लूमवर. कारखान्यात तर बोलणं नसतंच, हातवारे आणि ओठ. चुलता लांबनं तोंडाकडं बघून सांगतो कोण काय बोललं ते. लग्नात त्याच्यासमोर कुणी कुजबुजत नाही.

मोहोळकर | १.४१

इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांत बायका असंच ओठांवरनं बोलायच्या, त्याला तिकडं वेगळं नावच होतं. म्हणजे सोलापूर आणि लँकेशायर एकच.

खवचट_सोलापुरी | १.४४

फक्त तिकडं पाऊस पडतो.

पिक्सेल_पाटील | संध्याकाळी ६.२०

मी फोटोवाला, त्यामुळे माझी भर. कानवाली मॅडमनी सरासरीची जी गंमत सांगितली ती फोटोत जशीच्या तशी आहे. सिग्नल येताना गडबड झाली किंवा कॅमेऱ्याच्या सेन्सरमधले काही पिक्सेल बिघडले की चित्रावर इथंतिथं एकदम पांढरे आणि एकदम काळे ठिपके पडतात. त्याला सॉल्ट अँड पेपर नॉइज म्हणतात, मीठ-मिरी.

शेंगाचटणी | ६.२३

सोलापुरात मीठ-मिरी कुठली, शेंगाचटणी नॉइज म्हणा. लाल ठिपके.

पिक्सेल_पाटील | ६.३५

बरं शेंगाचटणी 😄

तर समजा करड्या रंगाच्या भिंतीचा फोटो आहे, नऊ पिक्सेलचा चौकोन घेतला: ५२, ५४, ५१, ५३, २५५, ५०, ५५, ५२, ५४. मधला २५५ म्हणजे पांढरा ठिपका, बाकी सगळे पन्नाशीतले. सरासरी काढली तर येते ७५. म्हणजे ठिपका गेला नाही, उलट त्याची पांढरी सावली आजूबाजूच्या सगळ्यांवर पडली. एका श्रीमंतामुळे अख्ख्या गल्लीचं उत्पन्न वाढल्यासारखं. आता तेच नऊ आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला, म्हणजे पाचवा, उचला: ५३. ठिपका गायब, भिंत जशीच्या तशी. हा मीडियन फिल्टर. १९७० च्या दशकात जॉन टुकी नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ही कल्पना पुढे आणली. २५५ च्या जागी दोन हजार असते तरी मधला आकडा हलला नसता.

पण मीडियनने माझा एकदा घात केलाय. आजीचा एकुलता एक फोटो, १९५० च्या आसपासचा, सिद्धेश्वर तलावाच्या काठावर काढलेला. स्कॅन केला तर सगळीकडे पांढरे डाग. मी लगेच मीडियन मारला, डाग गेले, खूष होऊन आईला दाखवला. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही माझी आई नाही." मला कळेना. मग म्हणाली, "चमकी कुठं गेली?" आजीच्या नाकातली चमकी, फोटोत ती दोन पिक्सेलचा पांढरा ठिपका होती. फिल्टरच्या लेखी ती पण मीठ. मग दुसरी युक्ती केली, जिथं पिक्सेल अगदी २५५ किंवा ० आहे तिथंच बदल करायचा, बाकी हात लावायचा नाही. तरी चमकी गेलीच, कारण ती पण २५५! शेवटी आजीच्या चेहऱ्याभोवती हाताने गोल काढला, तो भाग सोडून बाकी सगळीकडे फिल्टर चालवला, आणि चेहऱ्यावरचे डाग दोन रात्री बसून एकेक करून पुसले, आईला शेजारी बसवून. "हा डाग. हा पण डाग. हा नको, हा तीळ आहे."

तांत्रिक_तुषार | ७.०२

फोटो भारी पण दुरुस्ती: जुन्या फोटोवरचे डाग म्हणजे धूळ, बुरशी, ओरखडे. त्याला सॉल्ट अँड पेपर म्हणता येत नाही. ते एकेक पिक्सेलचे नसतात, पसरट असतात, आकडाही नेमका २५५ नसतो.

पिक्सेल_पाटील | ७.०५

मान्य. आईला सांगतो.

गार्डसाहेब_निवृत्त | ८.१५

मी सोलापूर डिव्हिजनला गार्ड होतो. तुम्ही सगळे ठोक्याला शिव्या देताय, आम्हाला रेल्वेनं ठोके पिशवीत घालून दिले होते. डिटोनेटर म्हणतात, आम्ही फटाके म्हणायचो. बशीसारखी छोटी डबी, रुळावर पट्ट्यांनी बांधायची, इंजिनाचं चाक वरनं गेलं की फाट्टकन. गाडी मधेच अडकली, मागनं दुसरी गाडी येऊ शकते अशी वेळ आली की गार्ड पळत मागं जाणार. ब्रॉडगेजला ६०० मीटरवर एक लावायचा, १,२०० मीटरवर तीन, दहा दहा मीटर अंतरानं. ड्रायव्हर इंजिनाच्या घरघराटात बसलेला असतो, शिट्टी ऐकू येणार नाही, रात्री कंदील दिसला न दिसला, पण चाकाखाली तीनदा धाड धाड धाड झालं तर झोपलेला सुद्धा ब्रेकवर हात मारतो.

मला एकदाच लावावे लागले. उन्हाळ्याची रात्र, पायात चप्पल तुटलेली. मागची गाडी लांब थांबली. तो आवाज आठवला की आजही बरं वाटतं.

कानवाली | ८.३०

गार्डसाहेब 🙏 दचकण्याचा इतका चांगला उपयोग मी ऐकला नव्हता.

जुळेसोलापूरकर | ८.४४

आवाजाचा विषय निघालाय तर गड्ड्याच्या जत्रेतल्या दारूकामाचं काय? होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री आमचा कुत्रा पलंगाखालनं सकाळीच निघतो. आणि दिवाळीत सुतळी बॉम्ब. त्याला काही नियम आहे की नाही?

तांत्रिक_तुषार | ९.००

आहे. फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज करणारे फटाके बनवायला आणि विकायला बंदी आहे. लडी असेल तर जितके फटाके जास्त तितकी मर्यादा खाली, १०० ची लड असेल तर १० डेसिबल कमी म्हणजे ११५. रात्री १० ते सकाळी ६ फटाके नाहीत, २००५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. राहत्या वस्तीत एरवी मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५.

खवचट_सोलापुरी | ९.०४

४ मीटरचा टेप घेऊन सुतळी बॉम्बजवळ कोण उभं राहणार, तू?

अशोकचौकी | ९.०९

२०२३ ला साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा काय आवाज

संपादक | ९.१०

चिमणीचा विषय इथे नको. मागच्या वेळी ४०० प्रतिसाद होऊन धागा कुलूपबंद करावा लागला होता.

अशोकचौकी | ९.११

मी फक्त आवाजाबद्दल...

संपादक | ९.११

नको.

कानवाली | ९.३५

फटाक्यावर एकच सांगते, दिवाळी लांब आहे तरी. १२५ ही ४ मीटरवरची मर्यादा आहे, हातातल्या फटाक्याची नाही. अंतर निम्मं झालं की साधारण ६ डेसिबल वाढतात. एका मीटरवर तोच फटाका १३७ च्या घरात जातो. मोठ्यांसाठी १४० आणि लहान मुलांसाठी १२० हे शिखर ओलांडू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितलंय. फटाक्यानंतर कानात 'कुईं' आवाज राहिला किंवा कान एकदम बंद झाल्यासारखा वाटला तर एक-दोन दिवसांच्या आत कानाच्या डॉक्टरकडे जा. वाट बघू नका आणि कोमट तेल तर अजिबात घालू नका. दरवर्षी तेल घालून आलेले दहा तरी असतात.

परदेशी_पोरगा | रात्री ११.५०

इथं रात्र नाही पण तिकडची वेळ बघून लिहितो. मी कम्युनिकेशनमध्ये काम करतो. बापूंनी ठिणगीचं सांगितलं, त्यावरचे उपाय बघण्यासारखे आहेत. एक सरळ उपाय म्हणजे ठोका आला की तेवढा क्षण रिसीव्हरच बंद करायचा, हॅम (हौशी) रेडिओवाले त्याला नॉइज ब्लँकर म्हणतात. सिग्नलला बारीक भोक पडतं पण कानाला कळत नाही.

दुसरा उपाय सीडीत होता. ओरखडा म्हणजेही एक ठोकाच, हजारो बिट एका जागी मरतात. तर तिथं काय करतात, गाण्याचे तुकडे आधी विखरून लिहितात. पंगतीचं उदाहरण घ्या. एका घरची चार माणसं एकाच ओळीत बसली आणि वाढपी ती ओळ विसरला तर अख्खं घर उपाशी. तीच चार ओळींत बसवली तर प्रत्येक घरचा एकेकच राहील, आणि बाकीचे त्याला आपल्या पानातलं देतील. सीडीत ते 'आपल्या पानातलं देणं' १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांनी शोधलेल्या गणिताने होतं. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा त्याने पूर्ण भरून निघतो. मराठी लग्नात वाढलेल्या माणसाला हे कळायला दोन मिनिटं लागतात, इथल्या पोरांना शिकवायला मला आठवडा लागला.

शेंगाचटणी | मंगळवार, ७.१५

पंगत वाचून भूक लागली. धागाकर्ते कुठं गेले?

पूर्वभागवाला | मंगळवार, रात्री ९.४०

आलो आलो. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, आप्पांना गार्डसाहेबांचा वाचून दाखवला (ओरडून), ते म्हणाले "शाब्बास".

बापू, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. कडकड सलग नाही. 'कट्... कट्... कट्' अशी ठोक्याला ठोका आहे. आणि चारही लूमच्या नाही, भिंतीला लागून जो आहे त्याच्याच ठेक्यात. आज शेजारच्या शेठना विनंती करून मोटर नुसती फिरवली, लूम नाही चालवला. कडकड शून्य.

रेडिओवाले_बापू | ९.५८

वाटलंच. मग वीज शेजाऱ्याची नाहीच. मोटरच्या किंवा स्टार्टरच्या ठिणगीचा ठेका धोट्यासारखा नसतो. उद्या असं करा. रेडिओत सेल घाला. लूम चालू असताना तुमच्या घरचा मेन स्विच बंद करा आणि ऐका. कडकड गेली तर ठिणगी तुमच्याच घरात आहे. मग मेन चालू करून तोच रेडिओ हातात घेऊन घरभर फिरा. आत एक काळी फेराइटची दांडी असते, तीच त्याचा अँटेना. रेडिओ आडवा गोल फिरवत राहा, दांडीचं टोक ठिणगीकडे झालं की कडकड सगळ्यात बारीक होते. दोन खोल्यांतून तशा दोन दिशा बघा, जिथं छेदतील तिथं शोधा. आणि काही उघडायच्या आधी मेन बंद, वायरमन बोलवा. स्वतः हात घालू नका.

खवचट_सोलापुरी | १०.०१

हे तर सीआयडी झालं.

पूर्वभागवाला | बुधवार, दुपारी १.२०

बापू तुमचे पाय कुठं आहेत!!

मेन बंद केला, कडकड बंद. लूम शेजारी ठाक ठाक चालूच. मग मेन चालू करून रेडिओ घेऊन फिरलो, बायको म्हणाली वेड लागलं. दोन्ही खोल्यांतनं दिशा आली ती सामाईक भिंतीवरच्या जुन्या लाकडी बोर्डाकडे. वायरमन आला, मेन काढून किटकॅट फ्यूज बाहेर ओढला, तर आतली पितळी पट्टी काळी पडलेली, पकड सैल, आणि मागचं लाकूड करपून कोळशासारखं झालेलं. बोट लावलं तर बोटाला काजळी. लूमचा प्रत्येक धक्का भिंतीतून बोर्डाला, बोर्डातून त्या सैल पट्टीला, आणि पट्टी क्षणभर सुटून परत चिकटली की ठिणगी. वायरमन म्हणाला, अजून एखादा उन्हाळा गेला असता तर पेटलं असतं. बोर्ड नवीन केला, दुसऱ्या भिंतीवर घेतला. पाळणापण हलवला.

शेजारच्या शेठना सांगितलं, ते म्हणाले "बघा, मी म्हणत होतो माझ्या मोटरीत काही नाही", आणि दोन टॉवेल दिले.

रेडिओवाले_बापू | १.३५

पाय दुखतात, ते बघू नका. काळजी घ्या. त्या कडकडीनं तुमचं घर वाचवलं.

टॉवेलवाला | १.५०

माझ्या शेडमधले सगळे किटकॅट आज बघून घेतो. आणि मॅडम, प्लगची एक जोडी मागवली. म्हातारा म्हणतो, आधी शेठनी घालून दाखवावी.

पूर्वभागवाला | शनिवार, सकाळी ८.०५

शेवटचं अपडेट. आप्पांना तपासायला नेलं. कानवाली मॅडमनी सांगितलं तसंच. कागदावर रेघ सरळ चालते आणि ४,००० हर्ट्झला विहिरीत पडल्यासारखी खाली जाते, मग थोडी वर येते. दोन्ही कान तसेच. तिथल्या मॅडम म्हणाल्या आतल्या केसाळ पेशी गेल्या की परत येत नाहीत, पण मशीनने बोलणं स्पष्ट होईल. आप्पा आधी नाही म्हणाले, मग म्हणाले बघू.

आज सकाळी रेडिओ लावला, शेजारी लूम सुरू, आवाज स्वच्छ. मी आप्पांना मोठ्यानं विचारलं, फरक वाटतो का? ते जरा वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, "हो, रेडिओतला लूम बंद झाला."

म्हणजे इतके दिवस त्यांना ते ऐकू येत होतं. कडकडीची धार ऐकू येत नव्हती, नुसता दबका ठेका यायचा, आणि त्यांना वाटायचं तो शेजारचाच लूम आहे.

अशोकचौकी | ८.२२

माझ्या चुलत्याला घेऊन जातो पुढच्या आठवड्यात. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा.